बॅरिस्टर व्हायचंय? आधी ग्रीक शिका

'मोठा बॅरिस्टर लागून गेलास!' हे घरी ऐकून ऐकून तुम्ही खरंच लंडनला निघाला असाल, तर एक पथ्य पाळा: पदवीला कायदा घेऊ नका. एकेकाळच्या पॉलिटेक्निकचं विद्यापीठ झालंय, तिथे तर नकोच नको. तीन वर्षं करार आणि ट्रस्टचा कायदा घोकून तुम्ही नुसते घोकंपट्टीवाले ठराल. त्यापेक्षा ऑक्सफर्डला प्राचीन ग्रीक घ्या. नंतर बिगर-कायदा पदवीधरांसाठीचा वर्षभराचा रूपांतर अभ्यासक्रम उरकला की झाला कायदा, वर 'व्यापक दृष्टी' फुकट. जोनाथन सम्पशन शिकले ईटन या बड्या घरच्या पोरांच्या खासगी शाळेत, मग ऑक्सफर्डला, विषय इतिहास. वकिली मात्र अशी गाजवली, की पूर्णवेळ न्यायाधीश कधीच नसताना २०१२ साली थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून जाऊन बसले. माणूस बुद्धिमान, वादच नाही. तुम्हीही असालच, फक्त ईटन तेवढं राहून गेलं.

नियम मात्र उदार आहेत हो. बार कोर्सला, म्हणजे बॅरिस्टरकीच्या प्रशिक्षणाला, पदवीचा टू-टू, म्हणजे कनिष्ठ द्वितीय वर्गही चालतो. (तिकडची पोरं त्याला डेस्मंड टुटूंवरून 'डेस्मंड' म्हणतात.) हजारो पौंड फी भरताना तुमच्या गुणपत्रिकेला कोणी नाक मुरडणार नाही. नाकं मुरडली जातात ती पुढे, पुपिलेजच्या वेळी. एखाद्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कचेरीत, वर्षभर उमेदवारी केल्याशिवाय वकिली नाही, आणि जागा मोजक्या. काही चेंबर्स हल्ली अर्जातलं विद्यापीठाचं नाव झाकून वाचतात. घाबरू नका, मुलाखतीत तोंड उघडलं की ते आपोआप कळतं.

२०१९ च्या एका पाहणीत इंग्लंडमधले ६५ टक्के वरिष्ठ न्यायाधीश खासगी शाळांतले निघाले. अख्ख्या देशात अशा शाळांत शिकलेले सुमारे ७ टक्के. गुणवत्ता तरी बघा कशी, नेमका पत्ता शोधून जन्म घेते!

गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले ते पदवीशिवाय. तेव्हा परीक्षांइतकीच 'इन'मधली, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेतली, जेवणं महत्त्वाची. चौघांत वाइनच्या दोन बाटल्या, आणि हे पीत नसत; त्यामुळे प्रत्येक टेबलाला गांधी हवे असायचे. जेवणं आजही आहेत. तेव्हा कुठला काटा कधी उचलायचा हे आईच्या मांडीवरच शिकून या. त्याचा रूपांतर अभ्यासक्रम अजून निघालेला नाही.