‘ऐंशी टक्क्यांखाली ड्रायव्हर उघडत नाहीत’ म्हणे!

भाच्याने गेल्या महिन्यात पहिले हायब्रिड इअरफोन घेतले. हायब्रिड म्हणजे दोन जातींचे ड्रायव्हर, आवाज काढणारे चिमुकले स्पीकर, एकत्र: एक डायनॅमिक, चार बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजेच बीए. रविवारी घरी आला तेव्हा ते कानातच होते आणि त्यातला तबला मला समोरच्या खुर्चीत ऐकू येत होता. म्हटलं, "अरे, बहिरा होशील." तर म्हणतो, "मामा, ऐंशी टक्क्यांखाली बीए उघडतच नाहीत." आणि मोबाइलवर ग्रुपमध्ये आलेला मेसेज पुढे केला. 'हायब्रिड पारखण्याचे पाच सुवर्णनियम', 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशा शिक्क्यासह. नियम असे: ड्रायव्हर जितके जास्त तितका आवाज सरस, आधी २०० तास बर्न-इन (नवा इअरफोन सतत वाजवून 'मुरवणं'), आवाज ८० टक्क्यांवर ठेवूनच पारख करा, चांदीची केबल लावा म्हणजे ट्रेबल (वरचे सूर) खुलतो, दहा हजारांच्या आतलं हायब्रिड म्हणजे खेळणं.

तिसऱ्या नियमापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी फक्त खिसा रिकामा होतो.

बॅलन्स्ड आर्मेचर म्हणजे श्रवणयंत्रातून आलेला ड्रायव्हर. बटणाएवढ्या बॅटरीवर दिवसेंदिवस चालायचं, हीच त्याची नोकरी. त्याला 'उघडायला' दणका लागतो म्हणणं म्हणजे समईला मशालीने पेटवण्यासारखं. असे बहुतेक इअरफोन एका मिलिवॅट एवढ्याशा विजेवर शंभर डेसिबलच्या पुढे जातात. शिवाय 'ऐंशी टक्के' हे काही माप नव्हे. एका फोनवरचे ऐंशी टक्के एखाद्या डाँगलवर (फोन आणि इअरफोनच्या मध्ये लावायच्या छोट्या यंत्रावर) कानठळ्या बसवतील.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८६ ला १० तास, ९५ ला सव्वा तास. दिवसाला नाही, आठवड्याला! नियम लिहिणाऱ्या महाशयांनी यावर २०० तासांचं बर्न-इन चढवलंय, आणि खाली कंसात 'शक्यतो कानात घालूनच करा, म्हणजे फरक जाणवेल'. फरक जाणवेल खरा, पण पुढे कानाच्या डॉक्टरांकडे.

"पण मामा, आवाज वाढवला की खरंच उघडतो."

खोटं बोलत नव्हता तो. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपला कान खर्जाला मंद असतो. आवाज वाढला की खालचे सूर जास्त भरून ऐकू येतात. म्हणजे उघडतो तो कान, ड्रायव्हर नव्हे. म्हणून दोन इअरफोनची तुलना करताना दोघांचा आवाज आधी एकसारखा करायचा असतो, नाहीतर मोठ्याने वाजणाराच जिंकतो. मी त्याला पाठ करून बसवलं, आधी आवाजाची पट्टी बरीच खाली आणली, केबल काढून तीच परत लावली, आवाज दोन घरं वर नेला आणि विचारलं, नवी केबल कशी? "ट्रेबल मोकळा झाला!" सांगितल्यावर रुसला थोडा.

केबलबद्दल अर्धा गुण द्यावा लागेल, नाइलाजाने. आर्मेचर आणि क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर ड्रायव्हरांत वाटून देणारं सर्किट) यांमुळे हायब्रिडचा विजेला होणारा अवरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा खर्जात ३२ ओम आणि वर कुठेतरी ८ ओम. केबलचा अवरोध एक ओमने वाढला, तर वरचा भाग साधारण एक डेसिबल पडतो आणि खर्ज जेमतेम पाव डेसिबल. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला हे कळू शकतं. पण यात चांदीचं कर्तृत्व शून्य, सगळा खेळ ओमचा. डाँगलचा स्वतःचा (आउटपुट) अवरोध जास्त असेल तर यापेक्षा मोठा फरक पडतो, आणि त्याबद्दल फॉरवर्डात चकार शब्द नाही.

ड्रायव्हरच्या संख्येबद्दल एवढंच: सेनहायझर कंपनीच्या आयई ८०० इअरफोनमध्ये कानाला एकच सात मिलिमीटरचा ड्रायव्हर होता. एकेजीच्या के३००३ या नावाजलेल्या हायब्रिडमध्ये तीन. ड्रायव्हर वाढले की त्यांच्यातले सांधे वाढतात, आणि हायब्रिड पारखायचं ते सांध्यावर. माझी कसोटी साध्या 'धा'ची. डग्ग्याची घुमक मुख्यतः डायनॅमिककडून येते, चाटेवरच्या (तबल्याच्या काठावरच्या) 'ना'ची धार आर्मेचरकडून. क्रॉसओव्हर जमला असेल तर एकाच माणसाचे दोन हात ऐकू येतात. फसला असेल तर डग्गा शेजारच्या खोलीत वाजतो.

किंमत? संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मापं तपासून शोधनिबंध लिहिला. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती जोरात वाजतो) आणि किंमत यांचा संबंध सापडला नाही. महागड्यात घडण, टिकाऊपणा, नजाकत असेलही, पण 'दहा हजारांच्या आत खेळणं' ही निव्वळ ऐट. बर्न-इनवर जास्त शब्द खर्च करत नाही. चार दिवसांत सरावतो तो बहुतेक आपला मेंदूच.

आणि या पाच नियमांत टिपचं, म्हणजे कानात बसणाऱ्या मऊ टोपीचं, नावही नाही! कानात नीट बसलेल्या इअरफोनचा आवाज समोरच्या खुर्चीपर्यंत एवढा येतोच कशाला, हे मला आधीच खटकलं होतं. पाहिलं तर डाव्या कानातली टिप सैल. हवा निसटली की पहिला बळी खर्जाचा, मग माणूस आवाज वाढवत सुटतो. डबीतली, सोबत फुकट आलेली मोठी टिप डाव्या बाजूला चढवली, उजवीकडे मधलीच ठेवली.

डग्गा आला. त्याने स्वतःहून पट्टी निम्म्याखाली आणली. तो ग्रुप मात्र अजून सोडलेला नाही.