खुलासा: रिक कारुसो ‘अपक्ष’ नव्हते

‘वकिली सोडून बिल्डर झालेले रिक कारुसो २०२२ साली लॉस एंजेलिसच्या महापौरपदाला अपक्ष म्हणून उभे राहिले’ असं फिरतंय. वकिली आणि बिल्डरकी खरी, ‘अपक्ष’ चूक.

गफलत कुठे होते ते कळतं. कॅलिफोर्नियात शहरांच्या निवडणुका पक्षविरहित असतात. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव किंवा चिन्ह नसतं. नावाखाली व्यवसाय असतो, तोही साधारण तीन शब्दांत. म्हणजे त्या अर्थाने सगळेच ‘अपक्ष’. मतदार नोंदणीत मात्र आपला पक्ष नोंदवता येतो. तिथे कारुसो आधी रिपब्लिकन होते, नंतर काही काळ कुठल्याच पक्षात नव्हते आणि जानेवारी २०२२ मध्ये डेमोक्रॅट म्हणून नोंदले गेले. फिरणारा मजकूर बहुधा त्या मधल्या काळावर बेतलेला.

वकिली थोडीच वर्षं. पेपरडाइन विद्यापीठातून १९८३ साली कायद्याची पदवी, मग एका बड्या फर्ममध्ये नोकरी, आणि काही वर्षांतच जमिनीचा धंदा. त्यांचं ‘द ग्रोव्ह’ हे खुलं शॉपिंग संकुल २००२ मध्ये सुरू झालं. ते ‘राजकारणात नवखे’ होते असंही म्हटलं जातं, तेही अर्धसत्यच: ते शहराच्या पाणी-वीज मंडळावर होते, २००१ पासून पोलीस आयोगाचे अध्यक्षही.

जूनच्या पहिल्या फेरीत कोणालाच ५० टक्क्यांवर मतं पडली नाहीत, म्हणून पहिले दोघे, कॅरन बास आणि कारुसो, ८ नोव्हेंबरला पुन्हा भिडले. १० कोटी डॉलरहून जास्त खर्चूनही कारुसो बास यांच्याकडून हरले.