स्पेनचे दहा आणि सांगलीचे दहा

गेल्या रविवारी आईचा सांगलीहून फोन आला. "तुझे बाबा हल्ली रात्री साडेदहाला जेवतात. काही बोलायला गेलं की म्हणतात, पोरगी स्पेनमध्ये राहते ना, तिथं सगळे असेच जेवतात आणि शंभरी गाठतात." बाबांना अकरा वर्षं मधुमेह आहे. जन्मभर साडेसातला पाटावर बसलेला माणूस. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि तीन आठवड्यांत त्यांनी जेवणाची वेळच बदलली. मी तो मेसेज मागवून घेतला. नंतर कळलं की मावशीकडेही तोच फिरतोय आणि पुण्यातल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांकडेही. मी सहा वर्षं माद्रिदमध्ये राहते, तेव्हा याचं उत्तर द्यायची जबाबदारी माझी आहे असं मला वाटतं.

मेसेज थोडक्यात असा: स्पेनमधले लोक रात्री दहा-अकराला भरपेट जेवतात, दुपारी तीन तास झोपतात, मध्यरात्रीपर्यंत मित्रांत रमतात, तरीही युरोपात सर्वांत जास्त जगतात. गोव्याचं सुशेगाद जगणंही तिथूनच आलं. 'लवकर जेवा' हे डॉक्टरांनी पसरवलेलं खूळ आहे. उशिरा जेवा, खूप जगा.

गोव्याचं आधी उरकते. गोव्यावर 1510 पासून 1961 पर्यंत राज्य होतं ते पोर्तुगालचं. सुशेगाद हा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आला, म्हणजे शांत, निवांत. ज्याला स्पेन आणि पोर्तुगाल वेगळे काढता येत नाहीत, त्याच्या सांगण्यावरून आपण औषधाच्या आणि जेवणाच्या वेळा बदलतोय.

दुपारची झोप. 'सिएस्ता' हा शब्द जगभर गेला म्हणून सगळा देश दुपारी आडवा होतो असं नाही. पाहण्यांमध्ये निम्म्याहून जास्त स्पॅनिश लोक 'आम्ही दुपारी कधीच झोपत नाही' असं सांगतात. माझ्या ऑफिसात तरी दुपारी झोपणारं कुणी मला दिसलेलं नाही. बरीच छोटी दुकानं दुपारी दोन ते पाच बंद असतात हे खरं, पण दुकानदार तेव्हा जेवत असतो, मुलांना शाळेतून आणत असतो आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत पुन्हा गल्ल्यावर उभा असतो.

आता 'रात्री दहा'. हो, इथं लोक उशिरा जेवतात. नऊ-साडेनऊला घरोघरी जेवण, आणि शुक्रवारी-शनिवारी बाहेर दहा-साडेदहा. पण कुठल्या घड्याळाचे दहा? माद्रिद लंडनजवळच्या ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे. नकाशा बघितला तर इथं लंडनची वेळ असायला हवी, आणि 1940 पर्यंत ती होतीच. 16 मार्च 1940 च्या रात्री अकरा वाजता हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने घड्याळं बारावर नेली. ब्रिटननेही युद्धकाळात काटे पुढे सरकवले होते, पण युद्ध संपल्यावर मागे घेतले. स्पेनने घेतले नाहीत. वर उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. परिणाम असा की जूनमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनला आणि मावळतो पावणेदहाच्या सुमाराला. पश्चिमेला गालिसियात दहा वाजून गेल्यावरही उजेड असतो.

बाबा, हा हिशोब तुमच्यासाठी केलाय. सांगलीत सूर्य साडेबाराच्या आसपास डोक्यावर येतो. म्हणजे माद्रिदचं उन्हाळ्यातलं घड्याळ सूर्याच्या सव्वादोन तास पुढे, तुमचं अर्धा तास पुढे. इथं जूनमध्ये साडेनऊला जेवायला बसलेला माणूस सूर्याच्या हिशोबाने सांगलीच्या पावणेआठला जेवतोय. तुम्ही आधी साडेसातला जेवत होता! इथल्या माणसाचा पहिला घास दिवे लागण्याआधीचा असतो. सेव्हिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होसे मारिया मार्तिन-ओलाया वर्षानुवर्षं हेच मांडतायत, की सूर्याच्या वेळेने मोजलं तर स्पेनच्या जेवणाच्या वेळा काही जगावेगळ्या नाहीत.

थंडीत हा फरक तासाभराने कमी होतो, हे कबूल करते. डिसेंबरात सहाच्या आधीच सूर्य मावळतो आणि जेवण मात्र नऊलाच असतं, म्हणजे सांगलीचे सव्वाआठ. त्याला उशीर म्हणायचं तर म्हणा. पण साडेदहा ते नव्हेत.

'भरपेट' हा शब्द तर मेसेज लिहिणाऱ्याने कुठून आणला कळत नाही. इथलं मोठं जेवण दुपारचं, दोन ते साडेतीनच्या दरम्यान. ऑफिसाजवळच्या साध्या खानावळीतही ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव, शेवटी फळ किंवा गोड मिळतं. संध्याकाळी सहाला मुलं काहीतरी तोंडात टाकतात. रात्री घरी काय असतं? एखादं सूप, सॅलड, अंड्याची तोर्तिया, चीजचे दोन तुकडे. माझी घरमालकीण बहात्तर वर्षांची आहे, ती रात्री दही आणि फळावर भागवते. बाबा साडेदहाला काय घेतात ते आईने सांगितलं: दोन भाकऱ्या, भाजी, आमटी-भात, आणि परवा श्रीखंड. हे स्पेनचं दुपारचं जेवण झालं.

आता तो डॉक्टरांच्या 'खुळाचा' मुद्दा, ज्याने माझी झोप उडवली. हे खूळ नाही हे दाखवणारं संशोधन स्पेनमध्येच झालंय. मुर्सिया विद्यापीठाच्या मार्ता गारौलेत आणि बोस्टनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 845 स्पॅनिश प्रौढांवर प्रयोग केला. 2022 मध्ये तो 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात आला. प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या संध्याकाळी, आठ तास उपाशी ठेवून, ग्लुकोजचं पाणी दिलं. एकदा नेहमीच्या झोपेच्या चार तास आधी, एकदा फक्त एक तास आधी. झोपेच्या तोंडावर घेतलं तेव्हा रक्तात मेलाटोनिन साडेतीन पटींच्या आसपास होतं, इन्सुलिन कमी पडलं आणि साखर जास्त चढली. मेलाटोनिन हे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक. ते वाढलेलं असताना पोटात साखर गेली की इन्सुलिन नीट सुटत नाही. काही लोकांत एका जनुकामुळे हा परिणाम आणखी जास्त दिसला. आणि यातल्या कुणालाही आधी मधुमेह नव्हता.

बाबा अकराला झोपतात. साडेदहाला भात खाऊन अकराला झोपणं म्हणजे त्या प्रयोगातल्या वाईट संध्याकाळपेक्षाही वाईट, तेही मधुमेह असताना, रोज. इथला साडेनऊला जेवणारा माणूस बहुतेक वेळा बारानंतर झोपतो. घड्याळात किती वाजले यापेक्षा ताट आणि उशी यांच्यात किती वेळ गेला, हे बघायला हवं होतं.

ते जास्त जगतात, हे खरं. स्पेनचं सरासरी आयुर्मान 83-84 वर्षांच्या घरात आहे, युरोपात वरच्या फळीत. पण जपानी माणूस सातच्या सुमाराला जेवतो, स्वित्झर्लंडचा त्याच्याही आधी, आणि आयुष्याच्या बाबतीत दोघेही स्पेनच्या मागे नाहीत. मग उशिरा जेवणाला श्रेय कशाचं? आणि स्पेनमधले लोक स्वतः या वेळांवर खूश आहेत असंही नाही. 2013 मध्ये संसदेच्या समितीने घड्याळ मागे घ्यावं अशी शिफारस केली. 2024 मध्ये मजूरमंत्री योलांदा दियास म्हणाल्या की रात्री एक वाजता रेस्टॉरंटं उघडी असणं शहाणपणाचं नाही. त्यावर मोठा गदारोळ झाला. वाढप्यांनी काय करायचं, शेवटची मेट्रो चुकली तर घरी कसं जायचं, हा प्रश्न इथं रोजचा आहे.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी खोडणार नाही, मित्रांत रमणं. संध्याकाळी म्हातारी माणसं नीट कपडे करून चौकात येतात, बाकावर बसतात, नातवंडं तिथंच खेळतात. बारमध्ये उभ्या उभ्या चार जणांत एक बशी. दुपारच्या जेवणानंतर ताटं उचलली तरी कुणी उठत नाही, तास-तासभर गप्पा चालतात. याला 'सोब्रेमेसा' म्हणतात. बाबा निवृत्त झाल्यापासून एकटे जेवतात, आई आधी उरकून मालिका बघते. त्या मेसेजमध्ये त्यांना नक्की काय आवडलं असेल, ते मला इथं बसून कळतं.

म्हणून बाबा, या शनिवारपासून असं करू. तुमच्या साडेसातला माझ्याकडे दुपारचे चार वाजलेले असतात, म्हणजे माझं जेवण नुकतंच झालेलं. तुम्ही आणि आई ताटं वाढून घ्या, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवा. मी इथं टेबलावरून उठणार नाही.