खांद्यावरची पट्टी आणि लंडनमधला वेलिंग्टन

डिसेंबर 2023 मध्ये नौदलाच्या अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरची पट्टी बदलली, ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनच्या नावाने ओळखलं जाणारं कडं, म्हणजे नेल्सन रिंग, गेली आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. एक जण म्हणतो गुलामीची खूण पुसली, दुसरा म्हणतो पट्टीने काय होतंय. मी लंडनमध्ये राहते आणि मला वाटतं पट्टीने खूप काही होतं, कारण इथे एकोणिसाव्या शतकातल्या सेनापतींची पोर्ट्रेट्स बघितली की कळतं, त्यांचा अर्धा रुबाब कपड्यांनीच उभा केलाय.

इथल्या नॅशनल गॅलरीत स्पॅनिश चित्रकार गोयाने काढलेला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन आहे. 1812 ला स्पेनमधली सालामांकाची लढाई जिंकून माद्रिदमध्ये आला तेव्हाचा. चित्र लहानसं, घोडा नाही, रणांगण नाही, चेहरा दमलेला, डोळे टक्क उघडे, ओठ किंचित विलग. पण लाल कोटावर तारे आणि पदकं बघा! ती सुद्धा एकदम आलेली नाहीत, नवे मान मिळाले तसं गोयाने 1814 मध्ये छातीवरचं काम पुन्हा केलं. चेहऱ्यावरचा थकवा मात्र राहू दिला, आणि मला त्या चित्रातलं सगळ्यात खरं तेच वाटतं.

हाच माणूस आपल्या जालन्याकडच्या असईच्या लढाईतला. 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढताना त्याची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यात मद्रासच्या पलटणींचे देशी शिपाई खूप होते. पुढच्याच वर्षी रॉबर्ट होमने त्याचं पोर्ट्रेट केलं, तेही इथे नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीकडे आहे. शिपायाच्या वाट्याला असं पोर्ट्रेट कुठून येणार, त्यासाठी हुद्दा लागायचा.

म्हणून पट्टी बदलली ते मला मनापासून पटतं, पण सोनेरी काम, तारे, तलवार अजून आहेतच, म्हणजे हुद्दा दाखवायची पद्धत जुनीच राहिली, हे पण मान्य करूया ना. इथे काही मित्र म्हणतात साम्राज्यवाल्यांची चित्रं भिंतीवरून काढा. मला ते नको आहे. चित्र राहू दे, शेजारी असई आणि तिथे पडलेल्या शिपायांबद्दल चार ओळी ठळक लिहा, आणि जालन्यातल्या शाळांमध्ये इतिहासाच्या तासाला हा वेलिंग्टन पोरांना जरूर दाखवा, छातीवरचा एकेक तारा कुठल्या लढाईनंतर आला ते विचारत.