विभावरी शिरूरकर म्हणजे नुसतं ते टोपणनाव नाही हो

आमच्या सोसायटीच्या वाचन ग्रुपवर परवा विभावरी शिरूरकरांचा विषय निघाला आणि पुन्हा तीच स्टोरी. 1933 साली त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, केवढा गहजब झाला, ही बाई आहे तरी कोण म्हणून लोक शोधत बसले, मग कळलं की या तर बाळूताई खरे, म्हणजेच लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. खाली चार हार्ट, दोन नमस्कार, आणि लगेच कोणीतरी पाण्याच्या टँकरचा मेसेज टाकला. मला राग टँकरचा नाही आला. एवढं आयुष्य जगलेल्या बाईचं आपण एक कोडं करून ठेवलंय याचा आला, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ नसेल तर सरळ पुढे स्क्रोल करा, रागवणार नाही.

मुळात ते टोपणनाव एवढं गूढ नव्हतंच. बाई जन्मल्या 1905 साली घोडनदीला, म्हणजे शिरूरला, आडनावातच गाव ठेवलेलं. शिकल्या हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत, पदवी महिला विद्यापीठाची, आणि मग मुलींच्या शाळेत शिक्षिका. आता विचार करा, तिशीच्या आतली, लग्न न झालेली, शाळेत शिकवणारी बाई शिकलेल्या पोरींच्या शरीराच्या आणि मनाच्या गोष्टी लिहिते, स्वतःच्या नावाने छापल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहू शकली असती का? मला तरी हा सरळ नोकरीचा मामला वाटतो. आज फेसबुकवरच्या बायकांच्या ग्रुपमध्ये 'अनामिक सदस्य' म्हणून पोस्टी पडतात ना, माझा पगार सासरी जातो काय करू, तेच. फक्त मालतीबाईंनी ते साहित्य म्हणून लिहिलं आणि प्रकाशक ह. वि. मोट्यांनी छापायची हिंमत केली.

त्यातल्या एका गोष्टीचं नावच बघा, 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मी ही पहिल्यांदा ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचली, ऐरोलीला उतरायचं होतं, रबाळे आलं तेव्हा कळलं. मुलगी कमावते, घर तिच्या पगारावर चालतं, मग तिच्या लग्नाची घाई कोणाला असणार? नव्वद वर्षं झाली ना या गोष्टीला. माझ्या डब्यात रोज भेटणाऱ्या दोघी अशा आहेत, एकीच्या नावावर घराचं लोन आणि धाकट्या भावाच्या कॉलेजची फी पण, आणि घरचे म्हणतात अगं चांगलं स्थळ मिळतच नाहीये. मिळत नाहीये की शोधतच नाहीये, ते जाऊ दे.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. या बाईंनी किती वेगवेगळी कामं केली ते कोणी सांगतच नाही. गोष्टी येण्याआधीच 'अलंकार मंजूषा' नावाचं दागिन्यांवरचं पुस्तक लिहून झालेलं, हिंदू कायद्यावरच्या एका पुस्तकात सहलेखिका. मग गोष्टी, मग 1934 ला 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी, ज्यात नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई दुसऱ्या पुरुषासोबत लग्नाशिवाय राहण्याचा विचार करते, 1934 मध्ये! आणि हे सगळं झाल्यावर, 1937 च्या सुमारास, या पुण्याच्या शाळामास्तरीण बाई सोलापूरला गेल्या सरकारी नोकरीवर. कुठे, तर गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटमध्ये.

सेटलमेंट म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. इंग्रजांनी 1871 ला कायदा केला, त्यात आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला अशा लोकांची मोठी वसाहत, भोवती काटेरी तारा, आत हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी, आणि बरेच जण कामाला गिरण्यांमध्ये. पाळण्यातलं पोर पण गुन्हेगारच. हा कायदा देशभरातून गेला 1952 ला. सोलापुरात आजही तो भाग सेटलमेंट म्हणूनच ओळखतात, रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं.

तर मालतीबाई तिथे अधिकारी. म्हणजे तारेच्या आत रोज जाऊन संध्याकाळी बाहेर येऊ शकणाऱ्या. त्यातून आली 1950 साली 'बळी', मांग-गारुडी लोकांच्या जगण्यावरची कादंबरी. नोकरी सोडून दहाएक वर्षं झाल्यावर! मला ही दहा वर्षं फार महत्त्वाची वाटतात. आजकाल आपण आदिवासी पाड्यावर एक वीकेंड वह्या वाटून येतो आणि रविवारी रात्रीच अनुभव पोस्ट करतो, फोटोसकट (मीपण केलंय, येऊरला). बाईंनी ते सगळं इतकी वर्षं मनात ठेवलं आणि मग लिहिलं, आणि लिहिताना मी कशी सुधारणा करायला गेले असा सूर नाही लावला.

माझी मावशी, नौपाड्यातली, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, तिला हे पटत नाही. ती म्हणते, "अगं, 'बळी' चांगली आहे पण ती बाहेरून बघितलेली, 'हिंदोळ्यावर' आतून आलीय." असेल मावशी, पण आतून आलेलं लिहिणारे पुष्कळ निघतात. ज्या कुंपणाची राखण करायचा पगार घेतला त्याच कुंपणावर कादंबरी लिहायला वेगळी छाती लागते. पांढरपेशा मराठी कादंबरी दिवाणखान्यात प्रेमभंग करत बसलेली तेव्हाची ही गोष्ट. अर्थात तारेच्या आतली माणसं पुढे स्वतः लिहायला लागली आणि त्यांचं लिहिणं जास्त खरं, यात वादच नाही.

घरात नवरा कोण, तर विश्राम बेडेकर. सिनेमे, नाटकं आणि 1939 ची कादंबरी 'रणांगण'. ती पण मोट्यांनीच छापली. 'रणांगण' ग्रेटच आहे, पण ती वाचलेले दहा भेटतात तिथे 'बळी' वाचलेला एक भेटतो, आणि तो बहुतेक वेळा एम.ए. मराठीचा असतो, अभ्यासक्रमात होती म्हणून.

नंतर पण बाई थांबल्या नाहीत. वडिलांवर 'खरेमास्तर' लिहिलं, 'घराला मुकलेल्या स्त्रिया' लिहिलं, आणि 1981 ला मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं त्याच्या अध्यक्ष झाल्या. पंचाहत्तरीत! ज्या वयात माणूस अधिकृत संमेलनाच्या शालीची वाट बघतो.

'बळी' मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलीये, 1893 पासूनची लायब्ररी आहे आपल्या गावात, कार्ड काढा, मॉलच्या पार्किंगपेक्षा फार महाग नाही. माझ्याकडची प्रत शनिवारी परत जाईल. आणि हो, 'अलंकार मंजूषा' कोणाच्या आजीच्या कपाटात सापडली तर प्लीज इनबॉक्स करा, ठाणे ते पनवेल कुठेही येऊन घेऊन जाते, झेरॉक्स काढून चार दिवसात परत देते, मावशीची शप्पथ.