टाळायचाच तर एप्रिल टाळा

'पावसाळ्यात आफ्रिकेत सफारीला जाऊच नका' हा लेखातला सल्ला पटला नाही. आफ्रिका म्हणजे काय एक तालुका आहे? एकट्या टांझानियाच्या उत्तर भागातच दोन पावसाळे: मार्च ते मे मोठा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा. टाळायचाच तर एप्रिल टाळा. तिथल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात काही ठिकाणी आपल्या विदर्भासारखी काळी माती आहे, त्यात फोर-बाय-फोरसुद्धा रुतते. तारांगिरे उद्यानातले हत्तीही तेव्हा नदीकाठ सोडून पांगलेले असतात.

पण फेब्रुवारी? छोट्या पावसानं सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुटूकडची मैदानं हिरवीगार झालेली असतात. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे आखूड गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर. विल्डबीस्टच्या (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) माद्या विण्यासाठी तिथेच येतात. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं! काही मिनिटांत उभी राहून आईमागे धावायला लागतात, कारण तरस, सिंह, चित्ते टपलेलेच असतात. जुलै-ऑगस्टात हेच कळप नदी ओलांडताना बघायला मारा नदीवर गाड्यांची जी जत्रा भरते, तिच्यापेक्षा मला तरी हे कितीतरी मोलाचं वाटतं. (मारा बघूच नये असं नाही, पण तिथे गर्दीची तयारी ठेवा.) पक्षीवेड्यांनी तर याच मोसमात जावं, युरोपातले पाहुणे पक्षीही आलेले असतात.

झांबियात दक्षिण लुआंग्वा उद्यानात जाणार असाल तर मात्र आधी चौकशी करा, आतल्या भागातले बरेच कॅम्प पावसात बंद असतात.

लेखात राहिलेली एक गोष्ट: मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा आणि पीतज्वराची (यलो फीवर) लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्या. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून आलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवू शकतात.