'एसीत बसून': एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

नाव लिहिलं नाहीत, म्हणून भाऊच म्हणतो. आमच्याकडे बस स्टँडवर धक्का मारणाऱ्यालाही भाऊच म्हणायची रीत आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणूस दरवेळी विचार करून निवडत नाही. आधीच जे लावून ठेवलेलं असतं तेच चालू ठेवतो, असं वर्तनशास्त्र सांगतं. म्हणून 1 जानेवारी 2020 पासून आपल्याकडे खोलीचे नवे एसी 24 अंशांवर लावूनच येतात. कमी करायला कोणी अडवत नाही, बटण मात्र आपल्याला दाबावं लागतं. आपल्या विहिरीवरचा ऑटो, म्हणजे मोटार आपोआप चालू करणारा स्टार्टर, हा याचाच उलटा नमुना. लाईट आली की मोटार चालू, पिकाला पाणी लागो न लागो. ऑटोला टायमर जोडा, पाणी आणि वीज दोन्ही वाचतील, एवढंच मी लिहिलं होतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत की नोबेलचा तपशील चुकला आहे. रात्री-बेरात्री लाईट देणाऱ्यांना सोडून मी शेतकऱ्याच्या सवयीवर घसरलो. फुकट विजेत बचतीची गोष्ट करणं हास्यास्पद आहे. आणि शेवटी, "एसीत बसून शेतकऱ्याला अक्कल शिकवू नका."

नोबेलचं तुमचं बरोबर. मी लेखात ते दोघांना वाटून टाकलं होतं. वर्तनाच्या या अभ्यासासाठी 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल एकट्या रिचर्ड थेलर यांना मिळालं. कॅस सनस्टीन हे त्यांच्या 2008 च्या पुस्तकाचे सहलेखक, नोबेलचे वाटेकरी नव्हेत. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक कबूल करायला मला लाज वाटत नाही, काहींना वाटते.

आता एसी. माझ्या घरात एसी नाही. पत्र्याचा कूलर आहे, त्याची एक बाजू गंजली आहे आणि मे महिन्यात भुसावळकडची हवा सुटली की तोही गरम वाराच फेकतो. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. पण तुम्ही विषय काढलात.

यावल तालुक्यात आमची केळी होती. मी दहावीला असताना आमच्या मोटारीला ऑटो नव्हता. रात्री लाईट यायची तेव्हा वडील उठायचे, मागे मी, हातात टॉर्च आणि काठी. खोपीत स्टार्टरची पेटी. वडिलांनी शिकवलं होतं, आधी हाताची उलटी बाजू पेटीला लावून बघायची, करंट उतरला असेल तर हात आपोआप झटकला जातो. मग हिरवं बटण. तळहात लावलास तर चिकटशील, म्हणायचे. हे मला कोणत्या एसीने शिकवलं?

पुढे ऑटो बसवला. आई त्या रात्री पहिल्यांदा निवांत झोपली असेल. त्याच हिवाळ्यात एका पहाटे जाऊन पाहतो तर पाण्याचा दांड फुटलेला, बांधावरून पाणी चुलत्यांच्या हरभऱ्यात. घोट्याएवढं. मोटार आपली चालूच, कारण लाईट चालू होती. हरभरा पिवळा पडला आणि दोन घरांचं बोलणं दोन वर्षं बंद राहिलं. तेव्हा ऑटोबद्दल मी लिहितो ते पुस्तकातून उचलून नव्हे.

तुम्ही म्हणाल, मग ऑटो बसवायची वेळ रात्रीच्या लाईटनेच आणली ना? आणली असेल. तो धोरणाचा भाग झाला, माझा लेख सवयीबद्दल होता.

आणि "अक्कल" हा शब्द. आमचे वडील सालदाराशीही असं बोलले नाहीत. मतभेद असू द्या, पण चार लोक वाचतात तिथे जरा तोंड सांभाळून लिहावं. तुमच्या घरी काय पद्धत आहे मला ठाऊक नाही.

शेतकऱ्याला कोणी बाहेरून शिकवावं असंही मी म्हटलेलं नाही. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पांझरा नदीवरची पाणीवाटपाची जुनी फड पद्धत बघा. फड म्हणजे शेतांचा एक गट. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने द्यायचं, मालकाने स्वतः दारं फोडायचं नाही. शेजाऱ्याची नजर आणि ठरलेली वहिवाट, यावर शेकडो वर्षं पाणी पुरवलं. 2007 साली छापून आलेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात घराघरांना शेजाऱ्यांचा सरासरी विजेचा वापर कळवला, तर जास्त वापरणाऱ्यांचा वापर कमी झाला, पण कमी वापरणाऱ्यांचा चक्क वाढला! मग कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढला, तेव्हा कुठे ती वाढ थांबली. आमच्या पाटकऱ्याला हे कोणी सांगायला नको होतं.

फुकट विजेबद्दल: 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल नाही हे मला माहीत आहे. पंजाबने 2018 मध्ये वाचवलेल्या युनिटला 4 रुपये द्यायला सुरुवात केली, तसं काही इथे करता येईल. निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टीन या वर्तनशास्त्राच्याच माणसांनी 2022 मध्ये लिहिलं की माणसाच्या सवयींवर बोट ठेवता ठेवता व्यवस्था तशीच सुटते. तुमच्या बाजूचं आहे, खुशाल वापरा. त्यावर वेगळा लेख लिहीन, इथे लांबेल.

तुमच्या बाराशे अक्षरांत एक गोष्ट मात्र कुठेच सापडली नाही. तुमच्या स्वतःच्या विहिरीवर ऑटो आहे का?